ताप-खोकल्याच्या रुग्णाला पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा: दारापासून पहिल्या चोवीस तासांपर्यंत

नातेवाईक सांगतात, "चार दिवस ताप-खोकला होता, घरीच गोळ्या चालू होत्या. आज सकाळी चहाचा कप हातातून गळून पडला आणि तोंड वाकडं झालं." हे ऐकल्यावर कॅज्युअल्टीत दोन तऱ्हेच्या चुका होतात. एक म्हणजे 'ताप-खोकला' एवढेच ऐकून रुग्णाला विलगीकरण कक्षात ढकलले जाते. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत तो तिथेच पडून राहतो आणि मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत उलटून जाते. दुसरी म्हणजे 'तोंड वाकडं' एवढेच ऐकून सहा जण मास्कशिवाय स्ट्रेचरभोवती जमतात. ही दुसरी चूक आठवड्याभरात कळते, कारण ड्यूटीच्या यादीतली निम्मी माणसे आजारी पडलेली असतात. पहिली चूक कुणालाच कळत नाही. केसपेपरवर 'उशिरा आला' असे लिहून मोकळे होता येते.

हे मार्गदर्शन मध्यम आकाराच्या रुग्णालयासाठी आहे: सीटी स्कॅन आहे, फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट फोनवर मिळतो, कॅथलॅब (रक्तवाहिनीत तार घालून उपचार करण्याची खोली) असेल किंवा नसेल. श्वसनाचा संसर्ग कोविडचा असो, इन्फ्लुएन्झाचा असो वा फुप्फुसाच्या क्षयाचा, मुद्दा एकच. संसर्गामुळे कामाचा क्रम आणि रुग्णाजवळच्या माणसांची संख्या बदलते. औषध, मात्रा आणि वेळेची मुदत बदलत नाही. २०२० मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी 'प्रोटेक्टेड कोड स्ट्रोक' (संरक्षण घालून राबवायची पक्षाघाताची तातडीची यंत्रणा) या नावाने जी पद्धत मांडली तिचे सारही हेच होते: संशय असेल तर रुग्ण संसर्गजन्य धरा, संरक्षण चढवा आणि रिपोर्टची वाट न पाहता पुढे जा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. आरटीपीसीआरला लागणारे तास या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

रुग्ण येण्याआधीच करून ठेवायचे

पीपीई किट शोधण्यात आणि घालण्यात जो वेळ जातो, त्यातला शोधण्याचा वेळ पूर्ण टाळता येतो. कॅज्युअल्टीच्या दाराशी एक सीलबंद पेटी ठेवा. तीन माणसांपुरते एन-९५ मास्क (दोन मापांचे), गाऊन, गॉगल किंवा फेसशील्ड आणि हातमोजे त्यात हवेत. रुग्णासाठी सर्जिकल मास्क, दोन १८ किंवा २० नंबरचे कॅन्युला, रक्ताच्या नळ्या, ग्लुकोमीटर आणि मात्रेचा छापील तक्ता हेही त्याच पेटीत. कॉन्ट्रास्ट अँजिओग्राफीसाठी (रंगद्रव्य देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा स्कॅन) कोपराच्या खोबणीत जाड कॅन्युला लागतो. मनगटावर बारीक कॅन्युला लावला की सीटीच्या टेबलावर पुन्हा टोचाटोची होते, आणि ती गॉगलवर वाफ धरलेल्या अवस्थेत.

माणसे ठरवून ठेवा. आत एक डॉक्टर आणि एक सिस्टर. दाराबाहेर एक 'स्वच्छ' माणूस, जो फोन करतो, औषध आणून देतो, वेळ लिहितो आणि आतल्यांच्या संरक्षणावर नजर ठेवतो. मास्क नाकावर नीट बसला आहे का, हातमोज्यांनी चेहऱ्याला हात लागला का, हे पाहणे त्याचे काम. घाईत आतल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. त्याने बाहेरून 'थांबा' म्हटले की थांबायचे, मग आत कितीही मोठे डॉक्टर असोत.

घालण्याचा क्रम: हात धुणे, गाऊन, एन-९५, गॉगल, हातमोजे. एन-९५ घातल्यावर दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा सुटत असेल तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाढी असेल तर मास्क बसतच नाही, हे कोड सुरू असताना कळून उपयोग नाही.

दारात

'१०८' वाल्यांनी किंवा नातेवाइकांनी आधी फोन केला तर तीनच प्रश्न विचारा: रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ताप-खोकला-दम किंवा क्षयाचे औषधोपचार आहेत का, आणि रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी घोटाळ्याचे येते. 'सकाळी सहाला झालं' म्हणजे बहुधा सहाला लक्षात आले. रात्री दहाला जेवून झोपताना ठीक होते, तर वेळ रात्री दहाची धरायची. विलगीकरणात एकट्या झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे फार होते, कारण त्याच्या खोलीत रात्रभर कुणी डोकावलेलेच नसते.

रुग्णाला बोलता येत नसेल, शुद्ध हरपलेली असेल किंवा सोबत कुणी नसेल, तर तो संसर्गजन्य आहे असेच धरा. ज्याला बोलता येत नाही त्याला लक्षणे विचारता येत नाहीत. यावर वाद घालत बसू नये.

रुग्णाला सर्जिकल मास्क लावा. ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांखाली असेल तर नेझल प्राँग्जने ऑक्सिजन द्या आणि मास्क त्यावरूनच लावा. पातळी ठीक असेल तर उगाच ऑक्सिजन लावू नका, त्याने फायदा नाही. नेब्युलायझर टाळा, दम्याचा त्रास असेल तर स्पेसरमधून पंप द्या. नातेवाईक स्वतः बाधित असू शकतात, म्हणून त्यांच्याशी बोलणे बाहेर अंतर ठेवून किंवा फोनवर. संमतीही फोनवर घेता येते. दोघांनी ऐकावी आणि केसपेपरवर वेळ, नाते आणि ऐकणाऱ्या दोघांची नावे लिहावीत.

पाच मिनिटांत साखर, रक्तदाब, ऑक्सिजन, वजन आणि दोन कॅन्युला. साखर ६० च्या खाली असेल तर आधी ती सुधारा आणि पुन्हा तपासा. कमी साखर पक्षाघाताची हुबेहूब नक्कल करते. उलट टोकही विसरू नका. डेक्सामेथासोन चालू असलेल्या मधुमेही रुग्णाची साखर चारशे-पाचशेवर जाऊन एका बाजूच्या हात-पायाला झटके येतात, आणि झटक्यानंतर तोच हात तात्पुरता लुळा पडतो.

तपासताना मास्क आडवा येतो

पक्षाघात ओळखण्याची सगळी सोपी चिन्हे चेहऱ्यावर असतात आणि चेहरा मास्कखाली असतो. म्हणून तपासणीतला चेहऱ्याचा भाग एकदाच आणि ठरवून करा. आधी हात, पाय, नजर, दृष्टिक्षेत्र, संवेदना. शेवटी मास्क खाली करून दात दाखवायला सांगा, जीभ पाहा, दोन वाक्ये बोलायला लावा आणि मास्क लगेच वर घ्या. तेवढा वेळ समोर तोंड नेऊ नका, रुग्णाच्या बाजूला उभे राहा.

दुसरी अडचण उलट्या दिशेची. तुमचे बोलणे एन-९५ आणि फेसशील्डमधून घोगरे पोचते, ओठ दिसत नाहीत. वृद्ध, कमी ऐकू येणारा रुग्ण 'डोळे मिटा' हे ऐकूच शकत नाही आणि आपण 'भाषा समजत नाही' असा गुण देऊन मोकळे होतो. एनआयएचएसएस (पक्षाघाताची तीव्रता सांगणारे गुण) मोजताना आज्ञा मोठ्याने, रुग्णाच्या घरच्या बोलीत आणि हातवारे करून द्या. हातवारे केल्यावर तो बरोबर करत असेल तर प्रश्न कानाचा आहे की भाषेचा, हे वेगळे काढता येते. न्यूरॉलॉजिस्टला व्हिडिओ कॉलवर घ्या. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या सिस्टरने धरावा. तज्ज्ञ प्रत्यक्ष आत येण्याने जे मिळते त्यातले बहुतेक यातून मिळते, आणि एक किट वाचते.

सीटी: एकाच फेरीत सगळे

सीटीच्या खोलीत दोनदा जाणे परवडत नाही, कारण प्रत्येक वेळी खोली पुसावी लागते. डोक्याचा साधा स्कॅन आणि महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंतची अँजिओग्राफी एकाच वेळी करा. कमानीपासून सुरुवात केली की फुप्फुसांचे वरचे भाग आपोआप येतात. तिथे पोकळी, गाठी किंवा धुरकट पांढरे डाग दिसले तर संसर्गाचा संशय जागेवरच पक्का होतो. ऑक्सिजन कमी असेल तर छातीचा साधा स्कॅन त्याच फेरीत घ्या. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अँजिओग्राफी थांबवू नका.

सीटी तंत्रज्ञाने नियंत्रण कक्षातच राहावे. रुग्णाला टेबलावर घेणे-उतरवणे आतली जोडीच करते. स्कॅननंतर गॅन्ट्री आणि टेबलाला ७० टक्के अल्कोहोल किंवा कंपनीने मान्य केलेले पुसण्याचे द्रावण वापरा. हायपोक्लोराइट धातू खाते, ते फरशीसाठी ठेवा. ४ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग घेतले की १ टक्का तयार होते. फरशीवर ते दहा मिनिटे ओले राहू द्या.

हवेचे गणित वेगळे. क्षयाचा रुग्ण खोकला असेल किंवा त्या खोलीत सक्शन अथवा इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत नळी टाकणे) झाले असेल, तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत २३ मिनिटे लागतात, ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत ४६. आपल्या सीटीच्या खोलीत हवा किती वेळा बदलते हे बायोमेडिकल विभागाला विचारून दारावर लिहून ठेवा. पुढच्या रुग्णाला किती वेळ थांबवायचे, ही भांडणे त्यामुळे संपतात.

रक्ततपासण्या: पावसाळ्यात एक अपवाद

नियम असा की इंजेक्शनआधी फक्त साखरेचा आकडा हवा, बाकी रिपोर्टची वाट पाहू नये. पण हा नियम प्लेटलेट कमी असण्याचा संशय नसेल तेव्हाचा आहे. आपल्याकडे जुलै ते नोव्हेंबर या काळात ताप घेऊन आलेल्या माणसाला डेंग्यू असू शकतो, कोविडसोबतही असू शकतो. म्हणून तापाच्या रुग्णात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाठवा आणि रुग्ण सीटीत असताना यंत्रावरून आकडा फोनवर घ्या. मशीनला काही मिनिटेच लागतात. वेळ जातो तो नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचवण्यात. प्लेटलेट १ लाखाच्या खाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १.७ च्या वर असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन नाही.

दाखल असलेल्या रुग्णात नर्सिंग चार्ट उघडून एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा पाहा. दिवसाला एकदा ४० मिग्रॅ ही प्रतिबंधक मात्रा आहे, ती आड येत नाही. किलोला १ मिग्रॅ दिवसातून दोनदा ही उपचाराची मात्रा. ती गेल्या २४ तासांत दिली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन टाळायचे. अशा रुग्णात मोठी वाहिनी बंद असेल तर थेट थ्रोम्बेक्टॉमीचा (तारेने गुठळी काढण्याचा) विचार करा. डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्यांची खूण) वाढलेला असणे हा इंजेक्शन नाकारण्याचा आधार होत नाही. कोविडमध्ये तो वाढलेलाच असतो.

ताप आणि पक्षाघात एकाच आजाराचे असतात तेव्हा

या लेखातला हा भाग सर्वांत सावकाश वाचावा, कारण इथे इंजेक्शन दिल्याने माणूस दगावू शकतो.

हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग: ताप आठवडा-दोन आठवड्यांचा, हृदयात मर्मर, नखांखाली रेघांसारखे लाल ठिपके, झडपेच्या जुन्या विकाराची माहिती. इथे गुठळी जंतूंची असते. ती विरघळवायला गेल्यास मेंदूत रक्तस्राव होतो. इंजेक्शन नाही, मोठी वाहिनी बंद असेल तर यांत्रिक पद्धतीने काढता येते.

क्षयाचा मेंदुज्वर: काही आठवडे डोकेदुखी, भूक मंदावलेली, वजन घटलेले, मान ताठ, मग एक दिवस अर्धे अंग लुळे. मेंदूच्या तळाशी साचलेल्या चिकट स्रावात सापडून छोट्या वाहिन्यांना सूज येते आणि त्या बंद होतात, म्हणून इन्फार्क्ट (रक्ताविना मेलेले भाग) बहुतेकदा बेसल गँगलिया या मेंदूच्या खोल भागात आणि आसपास असतात. गुठळी हे मूळ कारण नसल्याने इंजेक्शनचा उपयोग नाही. कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत तळाचे आवरण उजळलेले आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या की दिशा कळते. उपचार क्षयाची औषधे आणि स्टिरॉइड. नुसता फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाला मात्र इतर कुणाहीसारखी गुठळी अडकू शकते. त्याला इंजेक्शन नाकारायचे कारण नाही. थुंकीतून रक्त पडते का आणि किती, एवढे मात्र विचारा. नुकतेच भरपूर रक्त पडलेले असेल तर निर्णय बदलतो.

म्युकरमायकोसिस (काळी बुरशी): २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने हे खूप पाहिले. कोविडनंतरचा मधुमेही रुग्ण, एका बाजूचा डोळा सुजलेला, गाल बधिर, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, आणि पक्षाघात. बुरशी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीतच शिरलेली असते. टॉर्चने नाक आणि टाळू पाहायला अर्धा मिनिट लागतो. ते न पाहता इंजेक्शन भरू नये.

तरुण व्यक्ती, अनेक दिवसांची वाढती डोकेदुखी, फिट आणि मग अशक्तपणा, असा क्रम असेल तर शिरांमधली गुठळी डोक्यात ठेवा. तिथे व्हेनोग्राफी (शिरांचा स्कॅन) आणि हेपरिन लागते.

इंजेक्शन

साडेचार तासांच्या आत, सीटीत रक्तस्राव नाही आणि अशक्तपणा हाता-पायाच्या किंवा बोलण्याच्या कामात अडथळा आणणारा आहे, तर थांबू नका. कोविड पॉझिटिव्ह असणे, न्यूमोनिया असणे किंवा ऑक्सिजनवर असणे हे नकाराचे कारण नाही.

रक्तदाब आधी १८५/११० च्या खाली आणा. नेहमीचे औषध लॅबेटॅलॉल, १० ते २० मिग्रॅ, एक-दोन मिनिटांत शिरेतून. पण हा बीटा-ब्लॉकर आहे. छातीत घरघर असलेल्या रुग्णाला तो दिला की पक्षाघाताच्या जोडीला दमही आटोक्याबाहेर जातो. अशा रुग्णात निकार्डिपिन तासाला ५ मिग्रॅने सुरू करून २.५ च्या टप्प्यांनी वाढवा, कमाल १५.

गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेझची मात्रा किलोला ०.९ मिग्रॅ, कमाल ९०. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, उरलेला ६० मिनिटांत. ६० किलोच्या माणसाला एकूण ५४ मिग्रॅ: ५.४ मिग्रॅ आधी, मग ४८.६. ५० किलोला ४५: ४.५ आणि ४०.५. ७० किलोला ६३: ६.३ आणि ५६.७. पावडर १ मिली पाण्यात १ मिग्रॅ अशी विरघळवा. कुपी हलवून फेस काढू नका, गोल फिरवा.

कोविडच्या काळात सिरिंज पंप खोलीबाहेर ठेवून लांब नळीने औषध देण्याची पद्धत आली. अल्टेप्लेझच्या बाबतीत ती धोक्याची आहे. त्या नळीत किती तरी मिली औषध अडकून राहते. पंप 'पूर्ण झाले' म्हणतो आणि रुग्णाला पोचलेले असते कमी. लांब नळी वापरलीच तर सिरिंज संपल्यावर त्याच गतीने सलाइन चालू ठेवा, म्हणजे नळीतला शेवटचा थेंबही आत जाईल.

हा सगळा व्याप पाहता संसर्गजन्य रुग्णासाठी टेनेक्टेप्लेझ हे त्याच कामाचे दुसरे औषध अधिक सोयीचे. एकच इंजेक्शन, काही सेकंदांत संपते, पंप नको, आतला एक तास वाचतो, आणि '१०८' मधून पुढे पाठवायचा असेल तर सोबत ड्रिप चालवावी लागत नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचे टेनेक्टेप्लेझ भारतात पक्षाघातासाठी किलोला ०.२ मिग्रॅ, कमाल २० या मात्रेने मान्य आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यासांत आणि मार्गदर्शक तत्त्वांत ०.२५ मिग्रॅ, कमाल २५ वापरतात. ६० किलोला पहिल्या हिशेबाने १२, दुसऱ्याने १५. तुमच्या रुग्णालयाने कोणती स्वीकारली ते तक्त्यावर एकच लिहा. दोन तक्ते भिंतीवर नकोत. खरी जीवघेणी चूक वेगळीच होते. हृदयविकारासाठीची कुपी ३० ते ५० मिग्रॅची असते आणि सवयीने ती संपूर्ण दिली जाते. पक्षाघाताची मात्रा साधारण तिच्या निम्मी. म्हणून मात्रा सिरिंजमध्ये भरल्यावर उरलेली कुपी लगेच टाकून द्या आणि बाहेरच्या माणसाने आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. टेनेक्टेप्लेझ डेक्स्ट्रोजच्या नळीतून देऊ नका, साका होतो. आधी आणि नंतर सलाइन.

इंजेक्शननंतर क्वचित जीभ आणि ओठ सुजतात, विशेषतः रॅमिप्रिल-एनालाप्रिलसारखी औषधे घेणाऱ्यांत. मास्कखाली हे दिसत नाही. पहिले दोन तास दर वेळी मास्क उचलून जीभ पाहा. सूज दिसली तर अल्टेप्लेझ थांबवा, स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन द्या, भूलतज्ज्ञाला आधीच बोलवा.

श्वासनलिका आणि थ्रोम्बेक्टॉमी

मोठी वाहिनी बंद असेल तर सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत, गुठळी तारेने काढता येते. इथे ठरवायचे ते एकच: रुग्ण जागा ठेवायचा की नळी टाकायची. शांत, सूचना पाळणारा आणि थोड्या ऑक्सिजनवर स्थिर असेल तर मास्क लावून जागाच ठेवा. ऑक्सिजनची गरज वाढत चालली आहे, उलट्या होत आहेत, शुद्ध कमी आहे किंवा मेंदूच्या मागच्या वाहिनीचा झटका आहे, तर कॅथलॅबमध्ये जाण्याआधीच, निगेटिव्ह प्रेशरच्या किंवा निदान वेगळ्या, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत इन्ट्युबेशन करा. कॅथलॅबची हवा बहुधा बाहेर ढकलणारी असते. मधेच तिथे नळी टाकायची वेळ आली तर कण कॉरिडॉरभर जातात.

इन्ट्युबेशन सर्वांत अनुभवी माणसाने, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, पूर्ण शिथिलता आल्यावर करावे, म्हणजे रुग्ण खोकणार नाही. बॅग आणि मास्कमध्ये विषाणू-फिल्टर. कफ फुगवल्यावरच व्हेंटिलेटर सुरू. भुलीच्या औषधाने रक्तदाब कोसळतो, हे पक्षाघातात महागात पडते. वरचा आकडा १४० ते १८० मध्ये राहील अशी औषधे सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवा.

कॅथलॅब नसेल तर इंजेक्शन देऊन पुढे पाठवा. फोनवर पहिल्याच वाक्यात संसर्गाची माहिती द्या. ती लपवून पाठवलेला रुग्ण पलीकडच्या दारात अर्धा तास अडतो.

पहिले चोवीस तास

नेहमीची पद्धत: दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तासांपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि तपासणी. एकूण ३६ वेळा. प्रत्येक वेळी किट बदलणे शक्य नाही. आत एक सिस्टर चार-चार तासांच्या पाळीने ठेवा, मॉनिटरचा पडदा काचेतून दिसेल असा फिरवा आणि रक्तदाबाचा पट्टा आपोआप मोजणारा लावा. स्थिर, सौम्य-मध्यम पक्षाघातात, म्हणजे एनआयएचएसएस १० च्या खाली, दोन तासांनंतर दर दोन तासांनी आठ तास आणि मग दर चार तासांनी तपासले तरी परिणाम वाईट होत नाहीत, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमिस्ट-मेन अभ्यासात दिसले. आत जाण्याच्या फेऱ्या त्याने निम्म्याहून कमी होतात. न्यूमोनियाने ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला हे लागू करू नका.

रक्तदाब १८०/१०५ च्या खाली. नवी डोकेदुखी, उलटी, अचानक वाढलेला रक्तदाब किंवा झोपाळूपणा आला तर आधी सीटी. झोपाळूपणाचे कारण मेंदूतला रक्तस्राव आहे की साचलेला कार्बन डायऑक्साइड, हे खाटेजवळ उभे राहून कळत नाही. रक्तवायूची तपासणी सोबत पाठवा. रक्तस्राव झाला तर क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठवणारे घटक) १० युनिट किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १ ग्रॅम दहा मिनिटांत. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) १५० च्या खाली असेल तर क्रायो पुन्हा द्या.

गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, गोळीसुद्धा नाही. ही चाचणी खोकला आणते, म्हणून ती पूर्ण संरक्षणात, बाजूला उभे राहून घ्या. चाचणीत नापास झाला तर नाकातून नळी, पण इंजेक्शननंतर नळी टाकायची घाई नको, नाकातून रक्त येते. ताप ३८ अंशांवर गेला की पॅरासिटामॉल. साखर १४० ते १८०.

पोटावर झोपवायची वेळ आली तर मान एकाच बाजूला वळलेली राहू देऊ नका, दोन-तीन तासांनी बदला. जांघेतून थ्रोम्बेक्टॉमी झालेली असेल तर पालथे करण्याआधी आणि नंतर जांघ पाहा. पालथ्या माणसाच्या जांघेतली गाठ कुणालाच दिसत नाही.

व्हेंटिलेटरवर झोपेच्या औषधाखाली असलेल्या रुग्णाला झटका येतो तो दिसतच नाही. दिवसातून एकदा झोपेचे औषध कमी करून चारही अवयव हलतात का ते पाहा. दर चार तासांनी डोळ्यांच्या बाहुल्या आणि चिमटा काढल्यावर होणारी दोन्ही बाजूंची हालचाल चार्टवर लिहिली जावी. झटका लक्षात येतो त्या दिवशी 'शेवटचा ठीक कधी होता' याचे उत्तर याच नोंदीतून मिळते.

औषधांची भांडणे

इंजेक्शन दिलेले असेल तर अॅस्पिरिन २४ तासांनी, पुन्हा सीटी करून. दिलेले नसेल तर लगेच. इथपर्यंत सगळे नेहमीचेच. संसर्गाची औषधे त्यात शिरली की घोळ सुरू होतो.

क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की वॉर्फरिनचा परिणाम घटतो आणि ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची रक्तातली पातळी कोसळते. एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा) रुग्ण गोळी नेमाने घेत असूनही पक्षाघात घेऊन येतो, तेव्हा हे विचारा. अशा वेळी वॉर्फरिन आयएनआर वरचेवर पाहून, किंवा काही काळ हेपरिन. रिफाम्पिसिन बंद झाले की दोन आठवड्यांत वॉर्फरिनचा परिणाम वाढतो आणि जुनीच मात्रा रक्तस्राव घडवते. क्षयाचा कोर्स संपल्याच्या आनंदात ही तारीख विसरली जाते. ती डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा. स्टॅटिनही रिफाम्पिसिनसोबत कमी पडते.

कोविडसाठीच्या निर्मात्रेल्विर-रिटोनाविरचे काम बरोबर उलटे. ते वरच्या तिन्ही गोळ्यांची आणि टिकाग्रेलॉरची पातळी वाढवते, ॲटोर्व्हास्टॅटिनचीही. क्लोपिडोग्रेलचा परिणाम मात्र घटवते. पाच दिवसांच्या कोर्सपुरते स्टॅटिन थांबवता येते, आणि ताजा स्टेंट किंवा ताजा पक्षाघात असेल तर दुसरे विषाणूविरोधी औषध निवडणे बरे.

फिट आली तर फेनिटॉइन टाळून लेव्हेटिरासेटाम द्या. आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवते, रिफाम्पिसिन ती उतरवते, आणि दोन्ही एकाच कोर्समध्ये असतात.

फिजिओथेरपी विलगीकरण संपेपर्यंत लांबवू नका. स्थिर झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून आतल्या सिस्टरने कूस बदलणे, लुळ्या खांद्याला उशीचा आधार देणे आणि बसते करणे सुरू करावे. फिजिओथेरपिस्टने काचेबाहेरून किंवा व्हिडिओवरून दाखवावे. लुळा हात धरून ओढत उठवण्याची सवय इथेच मोडा. पीपीईत घामाघूम झालेला माणूस घाईने तेच करतो, आणि निखळलेला खांदा पुढचे सहा महिने दुखत राहतो.